बसून झोपणारा माणूस

मुखेड,
२ जानेवारी २०२५

चि. सौ. उज्वलास शरणम्माचे आशीर्वाद.

येळवशीची अमावस्या सोमवारी झाली, आज गुरुवार उजाडला, आणि माझा सगळ्या भाज्यांच्या भज्जीचा डबा अजून आलेला नाही. तू या घरात येण्याच्या आधीपासूनची रीत आहे ही. गुरुपादने शेतात जेवायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने बहिणीचा डबा मुखेडला पाठवायचा. सुदर्शन बिचारा मंगळवारी, बुधवारी गाडीवरून उतरून माझ्या दारात आला आणि रिकामे हात दाखवून गेला. आपल्याच गल्लीतला कंडक्टर, त्याला माझा स्वभाव माहीत आहे. दोन्ही दिवशी उभ्याउभ्याच पळाला.

माझा पाय अजून प्लास्टरमध्येच आहे. केवळाबाई शेजारून येते, भाकरी थापते आणि गावभर कुणाचं काय चाललंय ते मला ओरडून सांगते. मला निम्मंच कळतं. कान आता पुरते गेले. यंत्र लावलं की शिट्ट्या वाजतात, म्हणून ते डब्यात ठेवलं आणि फोन नातवाला देऊन टाकला. तुम्हाला माझ्याशी बोलायचं असेल तर आता शाई खर्च करावी लागेल. इतकी वर्षं फोनवर "हो अक्का, बरं अक्का" म्हणून सुटत होतीस, आता सापडलीस.

गुरुपादला सांग, तुरीचा हंगाम दरवर्षी येतो, बहीण एकच आहे. भज्जी आता शिळी झाली असेल, ती पाठवू नको. का नाही पाठवली तेवढं लिहून सुदर्शनच्या हाती पाठव.

तुझी,
शरणम्मा

·

लातूर,
५ जानेवारी २०२५

ती. अक्कांना उज्वलाचा शरणार्थ.

अक्का, माझं चुकलं. डबा भरून ठेवला होता, पण गडबडीत तो ओट्यावरच राहिला. तुमच्या भावाचा त्यात दोष नाही.

येळवशीला यांना जरा जास्त झालं. तुम्हाला माहीतच आहे, एरवी मोजून जेवणारा माणूस त्या दिवशी बाभळीखाली बसला की हात आवरत नाही. भज्जी, बाजरीचे उंडे, वर अंबील, वर खीर. जेवण झालं आणि छाती जड झाली म्हणून कडब्याच्या कोपीच्या सावलीत पडले. घाम सुटला होता. तर सगळे हसायला लागले. "आप्पा, आज कुणाचं पोट जड न्हाई ते सांगा!" मीसुद्धा हसले. सोडा दिला, ओवा दिला. रात्रभर अस्वस्थ होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दवाखान्यात दाखवलं. पित्त वाढलं होतं. दोन-तीन दिवस ठेवून घेतलं आणि शुक्रवारी सोडलं. खरं तर हेच मागे लागले, आडतीवर तूर यायला लागली, मला घरी सोडा म्हणून. आता घरी आहेत, काळजी करू नका.

एक आनंदाची गोष्ट सांगते. तुमचा भाऊ बदलला. आंघोळ करून लिंगपूजेला बसले की उठायचं नाव घेत नाहीत. डाव्या तळहातावर लिंग घेऊन भिंतीला टेकून बसून राहतात. दुपारी बसतात, रात्रीही तसेच बसतात आणि बसल्या बसल्याच त्यांचा डोळा लागतो. आडवं झालं की खोकला येतो, जीव घाबरा होतो म्हणतात. उठून बसले, लिंग हातात घेतलं की श्वास मोकळा होतो. काल मठातले स्वामी घरी येऊन गेले, तेही म्हणाले, "आप्पाला आता लिंगाची खरी ओढ लागली." मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. इतकी वर्षं ज्या माणसाला पूजेला बसवायला हाका माराव्या लागत होत्या, तो आता उठत नाही. बसून बसून पाय मात्र जरा सुजलेत. तेल लावून देते.

तुमच्या पायाची काळजी घ्या.

तुमची,
उज्वला

·

मुखेड,
६ जानेवारी

उज्वला,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा वाचताना प्लास्टर विसरून उठायला गेले.

गुरुपादला मी कडेवर घेऊन वाढवलंय. तो पूजा कशी करतो ते मला विचार. लहानपणी आमच्या वडिलांनी, आप्पांनी, समोर बसवलं की एक डोळा लिंगावर आणि दुसरा दाराकडे. लग्नानंतरही तुझ्या हाका दोन घरांपलीकडे ऐकू यायच्या. असा माणूस दोन दिवसांत रात्रंदिवस पूजेला बसायला लागला आणि तुला त्यात देव दिसला? अगं, तो पूजेला बसत नाही. त्याला आडवं होता येत नाही!

माझ्या सासूबाई शेवटी अशाच होत्या. पाठीला गाद्या लावून बसवायचो आम्ही त्यांना. झोपवलं की बुडल्यासारख्या करायच्या, बसवलं की श्वास यायचा. पायही असेच सुजले होते. आम्हीही तेल लावत बसलो. स्वामींचा मान स्वामींना, पण त्यांना माणसाची छाती तपासता येत नाही.

आणि पित्ताला दवाखान्यात तीन दिवस ठेवून घेतात, हे मला नवीनच कळलं. तू काहीतरी लपवते आहेस. त्यावर नंतर भांडू.

माझा भाडेकरू हरिओम मास्तर, त्याला तुला फोन लावायला सांगितलं. तू त्याला म्हणालीस, "अक्कांना सांगा, सगळं चांगलं आहे, आत्ताच पूजेला बसलेत." म्हणून हे पत्र सुदर्शनच्या हाती देते आहे. त्याला बजावलंय, पत्र दुकानात टाकायचं नाही, घरात जाऊन तुझ्या हातात द्यायचं. आणि तू रिक्षा बोलावून गुरुपादला आत बसवेपर्यंत उंबऱ्यातून हलायचं नाही. गाडी सुटली तर सुटू दे.

हे वाचून होईपर्यंत पदर खोच.

शरणम्मा

·

नांदेड,
९ जानेवारी

ती. अक्कांना शरणार्थ.

सुदर्शन खरंच हलला नाही. मी म्हणत होते, यांची पूजा होऊ दे, मग जाते. तर तो उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "वहिनी, माझी गाडी स्टँडवर भरून उभी हाय, प्याशिंजर शिव्या घालून राहिले असतील. पर अक्कानं सांगितलंय, हलायचं न्हाई म्हणून." शेवटी त्यानेच यांना धरून रिक्षात बसवलं. जिन्याच्या चार पायऱ्या उतरताना यांचे ओठ निळे पडले आणि मग मला दिसलं, अक्का, जे तुम्हाला मुखेडातून दिसलं ते.

आता सगळं खरं लिहिते. पित्त नव्हतं. येळवशीला शेतात जे झालं तो हार्ट अटॅक होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दवाखान्यात नेलं तेव्हा त्यांनी हातातून तार घालून बंद पडलेली नळी उघडली, स्टेंट टाकला. नळी उघडली म्हटल्यावर आम्हाला वाटलं, संपलं. तुम्हाला कळवलं नाही. तुमचा पाय प्लास्टरमध्ये, कानाला ऐकू येत नाही, तुम्ही काठी टेकत गाडीत बसाल अशी भीती वाटली. आणि खरं सांगायचं तर तुम्ही मला काय म्हणाल याचीही भीती वाटली.

सोमवारी लातूरच्या डॉक्टरांनी छातीला ऐकायची नळी लावली आणि त्यांचा चेहराच बदलला. शुक्रवारी नव्हता असा आवाज येत होता. लगेच सोनोग्राफीसारखी तपासणी केली. हृदयात खालच्या बाजूला डावा आणि उजवा असे दोन मोठे कप्पे असतात, मध्ये मांसाचा पडदा. नळी बंद होती तेवढ्या वेळात तो पडदा रक्तावाचून मेला आणि आता तो फाटलाय. डावीकडचं रक्त अंगाला जायचं सोडून त्या भोकातून उजवीकडे जातंय, तिथून फुप्फुसात साचतंय. म्हणून आडवं झालं की गुदमरायला होतं. तिथूनच ऑक्सिजनच्या गाडीतून नांदेडला आणलं. इथे असली शस्त्रक्रिया करणाऱ्या एक डॉक्टर आहेत, वर्षाराणी त्यांचं नाव. वयाने माझ्या सिद्धरामपेक्षा थोड्या मोठ्या असतील.

त्यांनी यांच्या जांघेतून एक नळी घातली आहे. तिच्या टोकाला फुगा आहे, तो मोठ्या रक्तवाहिनीत हृदयाच्या ठोक्याबरोबर फुगतो, मिटतो आणि हृदयावरचा भार हलका करतो. काचेतून मला त्या मशीनचा आवाज ऐकू येतो. हे शुद्धीवर आहेत. पाय हलवायचा नाही म्हणून तक्रार करतात.

भोक बुजवायचंच आहे, पण आज नाही म्हणतात डॉक्टर. त्याच्या कडा अजून कच्च्या आहेत, टाका घातला तर टाकाच मांस फाडून बाहेर येईल. थोडे दिवस गेले तर कडा घट्ट होतील. ते मला लगेच कळलं. ओल्या गिलाव्यात खिळा ठोकला तर तो खपलीसकट हातात येतो. पण अक्का, गिलावा वाळेपर्यंत भिंत उभी राहायला हवी ना.

आणखी एक आहे. ऑपरेशनला छाती उघडी लागणार म्हटल्यावर हे हट्टाला पेटलेत. लिंग गळ्यातून काढायचं नाही. "दीक्षा झाल्यापासून कधी अंगावेगळं झालं न्हाई, आता मरायच्या वक्ताला करू?" म्हणतात. मी काय सांगू त्यांना?

येळवशीला मी हसले होते. ते डोक्यातून जात नाही.

उज्वला

·

मुखेड,
११ जानेवारी

चि. उज्वलास आशीर्वाद.

रडून झालं. केवळाबाई घाबरली, तिला वाटलं मी पडले. आता लिहिते.

लपवलंस म्हणून तुला चार शिव्या द्यायच्या होत्या. शेवटचं वाक्य वाचलं आणि राहू दिल्या. येळवशीला मी तिथे असते तर मीही हसले असते. वर म्हणाले असते, "अजून एक उंडा वाढा याला." पोट जड झालं म्हणून माणूस मरतोय असं येळवशीला कुणाला वाटणार? ते आता सोडून दे. त्याच्याशी बोलताना तुझं तोंड असं अपराधी दिसलं तर तो घाबरेल. तो तुझ्याच तोंडाकडे बघून आपली तब्येत ठरवतो, लग्नापासून.

लिंगाचं त्याला माझ्या नावाने सांग. अंगावेगळं करू नये हे खरं. पण अंग म्हणजे काय फक्त छाती? आपले आप्पा गुऱ्हाळात चुलाण्यासमोर उभे राहायचे तेव्हा घामाने गळ्यातला शिवदोरा कुजायचा, म्हणून हंगामभर लिंग दंडाला बांधायचे. गुरुपादनेच तो दोरा कितीदा बांधून दिलाय. आप्पांची दीक्षा काय बुडाली त्याने? डॉक्टरीणबाईंना विचार, दंडाला चालतं का. मला वाटतं, त्याला लिंगाची काळजी कमी आणि टेबलाची भीती जास्त आहे. दंडाला बांधलं की एक कारण तरी जाईल.

प्लास्टर काढायला अजून वेळ आहे. डॉक्टरला म्हटलं, आत्ता काप. तो काहीतरी बोलला, मला ऐकू आलं नाही, पण मान नकाराची होती. सुदर्शनने आगारात सांगून नांदेडच्या गाडीवर ड्युटी मागून घेतली आहे. संध्याकाळी तो दवाखान्याच्या फाटकाशी येईल. रोज चार ओळी दे.

शरणम्मा

·

नांदेड,
१४ जानेवारी

ती. अक्कांना शरणार्थ.

आज संक्रांत. इथे वेटिंग हॉलमध्ये एका बाईने सगळ्यांच्या हातावर तीळगूळ ठेवला. तिचा नवरा आत बाजूच्याच खाटेवर आहे. दोघीही काही गोड बोललो नाही, नुसता गूळ खाल्ला.

लिंग दंडाला चालेल म्हणाल्या डॉक्टर. उजव्या दंडाला, स्वच्छ पिशवीत घालून, वर त्यांची पट्टी. गुऱ्हाळाचं सांगितलं तर हे म्हणाले, "अक्काच्या ध्यानात काय काय राहतं." तेवढ्यावर ते मिटलं.

पण दुसरंच उभं राहिलं. सिद्धराम परवा हैदराबादहून आला. तुम्हाला माहीत आहे तो, कामाला लागला की थांबत नाही. त्याने तिकडच्या एका मोठ्या दवाखान्यात बोलणं केलं, सगळे रिपोर्ट पाठवले, त्यांनी "घेऊन या, बघू" सांगितलं. आज दुपारी त्याने ॲम्ब्युलन्स दारात आणून उभी केली. म्हणाला, "आई, इथं नुसतं झोपवून ठेवलंय बाबाला. काय बी करून नाही राहिले हे लोक. तिथं नेलं की आज ऑपरेशन करतील." लातूरहून, उदगीरहून भाऊबंद आलेत, तेही त्याच्याच बाजूने. एवढ्या मोठ्या शहरात नेतोय म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? पोराचा जीव तुटतोय बापासाठी, ते मला दिसत होतं.

डॉक्टर वर्षाराणी आल्या. त्यांनी कुणालाही नावं ठेवली नाहीत. म्हणाल्या, "नेऊ शकता, मी कागद देते. तिथले सर्जन माझ्यापेक्षा अनुभवी आहेत. पण हा फुगा चालू ठेवून इतक्या तासांचा रस्ता, वाटेत काही झालं तर हातात काही नाही. आणि आज टाके घातले तर ते धरतील की नाही, हा प्रश्न तिथंही तोच राहणार." मी विचारलं, थांबायचं म्हणजे किती? तर म्हणाल्या, "ते रोज सकाळी ठरवायचं. लघवी, बीपी, किडनी बघायची. ठीक असेल तर आणखी एक दिवस मिळाला. बिघडायला लागलं तर कडा कच्च्या असल्या तरी त्याच दिवशी घेणार. थांबलो म्हणून वाचतीलच असं मी म्हणत नाही, ताई. पण माझा सल्ला थांबायचा आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अक्का, या घरात मी आजवर ठरवलं ते भाजी कोणती आणि पाहुण्याला साडी कोणती, एवढंच. बाकी हे ठरवायचे, हे अडले तर तुम्ही. हे आत फुग्यावर आणि तुमचं उत्तर उद्या येणार. ॲम्ब्युलन्सवाला घड्याळ बघत होता.

मी नाही म्हणाले. नेणार नाही. कागदावर सही केली.

सिद्धराम म्हणाला, "बाबाला काय झालं तर तुझ्यामुळं." आणि बाहेर निघून गेला. तो वाईट नाही. पण बोलला, आणि आता ते बोलणं माझ्याजवळ आहे.

तुम्ही काय म्हणाल माहीत नाही. बरोबर केलं का, हेही माहीत नाही.

उज्वला

·

मुखेड,
१५ जानेवारी

चि. उज्वलास खूप खूप आशीर्वाद.

बरोबर की चूक हे मला विचारू नकोस. मी इथे खाटेवर पाय पसरून बसले आहे, मला काय कळणार? खोटं कशाला बोलू, पत्र वाचून माझ्याही मनात आलं, हैदराबाद म्हणजे हैदराबाद. मग विचार केला, त्या डॉक्टरीणबाईला रोज बघणारी तू, माझ्या भावाच्या चेहऱ्याकडे बघणारी तू. मी तिथे असते तर आरडाओरडा केला असता आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकलं असतं. तू ऐकून घेतलंस, विचारलंस आणि मग ठरवलंस.

आता माझं ऐक. गुरुपादचं काही बरंवाईट झालंच, तर लोक तुला सोडणार नाहीत. तेराव्यापर्यंत गप्प बसतील आणि मग जन्मभर बोलतील. म्हणून सोबत मागची तारीख घालून एक वेगळी चिठ्ठी जोडली आहे, ‘हैदराबादला नेऊ नको, थांब’ अशी, ती जपून ठेव. त्यांना दाखव आणि सांग, शरणम्माने कळवलं म्हणून मी थांबले. मी म्हातारी, बहिरी, मला कोण काय बोलणार? बोलले तरी मला ऐकू येत नाही. जे होईल ते माझ्या नावावर टाक.

सिद्धरामला जेवायला घाल. उपाशी पोटी तो लहानपणापासून वाईट बोलतो, बापासारखा.

आणि तूही जेव.

शरणम्मा

·

नांदेड,
२० जानेवारी, सकाळी

अक्का,

आज नेताहेत. कालपासून लघवी कमी झाली, किडनीवर ताण आलाय. डॉक्टर म्हणाल्या, अजून आठवडा मिळाला असता तर बरं होतं, पण मिळाले तेवढे दिवसही कामाला येतील. लिंग दंडाला बांधलं. दोरा यांनी मलाच बांधायला लावला. माझी गाठ सैल पडली, पुन्हा बांधली.

आत जाताना म्हणाले, "आडतीची किल्ली देवघरात हाय." मी "बरं" म्हणाले.

स्ट्रेचर दाराआड गेलं आणि मग मला बोलायचं होतं ते सगळं आठवलं.

उज्वला

·

मुखेड,
२४ जानेवारी

उज्वला,

सोमवारपासून तुझी एक ओळ नाही. सुदर्शन रोज रात्री येतो, दारात उभा राहतो, मान हलवतो. म्हणतो, वहिनी फाटकाशी येत नाहीत, आत सोडत नाहीत. हरिओम मास्तर सुट्टी काढून इस्लापूरला घरी गेलाय, त्यामुळे फोनचाही आधार नाही. केवळाबाईने तिच्या भाच्याच्या फोनवरून सिद्धरामला विचारलं. तो म्हणाला ऑपरेशन झालं, नळ्यांवर आहेत. त्यापुढे त्यालाही ठाऊक नाही, की त्याला सांगायचं नाही? लोक माझ्याशी बोलताना तोंड वळवतात. ओठ दिसले नाहीत तर मला काही कळत नाही, हे त्यांना माहीत आहे.

मी तुला घाबरवत नाही. मी घाबरले आहे. आमची आई गेली तेव्हा तो माझ्या मांडीवर झोपला होता आणि तेव्हापासून मी त्याच्या आधी जायचं असं धरून चालले आहे. मला याच्या उलटं नको.

वाईट असेल तर वाईट लिही. पण लिही. मी सहन करीन. न लिहिलेलं सहन होत नाही.

शरणम्मा

·

नांदेड,
२९ जानेवारी

ती. अक्कांना उज्वलाचा शरणार्थ.

आहेत, अक्का. आहेत. हे आधी वाचा, मग बाकीचं सावकाश.

तुमचं पत्र सुदर्शनने वॉचमनच्या हाती आत पाठवलं होतं. मी वाचलं आणि उत्तर लिहायला बसले, पण लिहिणार काय? दिवसभर शस्त्रक्रिया चालली. डॉक्टर वर्षाराणी बाहेर आल्या त्या भिंतीला टेकूनच बोलल्या. भोक बुजवलं, ठिगळ लावलं. एका बाजूच्या कडा घट्ट होत्या, टाके धरले. दुसरी बाजू कच्ची होती, तिथे लांबून चांगलं मांस पकडून टाके घ्यावे लागले. त्यानंतर हे शुद्धीवरच येईनात. तोंडात नळी, छातीतून नळ्या, किडनीचं मशीन. रोज सकाळी डॉक्टर म्हणायच्या, "आज सांगता येत नाही." मी तुम्हाला काय लिहू? "आज सांगता येत नाही" असं लिहायला हात धजला नाही. तुम्ही कशा राहिल्या असाल ते मला कळत होतं, तरी नाही लिहिलं. दुसऱ्यांदा लपवलं तुमच्यापासून. रागवा.

शनिवारी डोळे उघडले. सोमवारी तोंडातली नळी निघाली. किडनी सुधारते आहे, मशीन काल बंद केलं. ठिगळाच्या कडेने थोडं रक्त अजून झिरपतं, पण तेवढं हृदय सोसेल, लक्ष ठेवू म्हणाल्या. माणूस निम्मा झालाय. लातूरला जायला अजून बरेच दिवस आहेत आणि आडतीचं नाव तर काढायचंच नाही.

सिद्धराम त्या दिवसानंतर माझ्याशी बोलत नव्हता. एका बाकावर बसायचो, मध्ये पिशवी ठेवून. नळी निघाली त्या दिवशी तो डबा घेऊन आला, उघडून माझ्यासमोर धरला आणि मी शेवटचा घास खाईपर्यंत उठला नाही. लेकराच्या मनात काय होतं ते कळायला मला बोलणं लागत नाही.

तुम्ही जपून ठेव म्हणालात ती चिठ्ठी मी कुणाला दाखवली नाही. तुमचं पत्र वाचून त्या दिवशी मी खूप रडले आणि पहिल्यांदा पोटभर जेवले. माझ्यावरचं ओझं तुम्ही स्वतःहून डोक्यावर घ्यायला निघालात, माझ्या सख्ख्या आईने याहून काय केलं असतं? पण दाखवणार नव्हतेच. सही माझी होती.

आज दुपारी मला आत बसू दिलं. यांचा आवाज अजून घोगरा आहे, कान जवळ न्यावा लागतो. उशीवर डोकं टेकून पडले होते. छताकडे बघत विचारलं, "पोरगं हैदराबादला न्यायचं म्हणत होतं. का न्हाई नेलं?"

"मी नको म्हणाले."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. नवीन माणूस बघावा तसं. मग म्हणाले, "अक्काला विचारलं का?"

मी म्हटलं, "विचारलं न्हाई. कळवलं."

इथे छाती शिवलेल्या माणसाला एक छोटी उशी देतात. खोकला आला, हसू आलं की ती छातीशी घट्ट धरायची, म्हणजे टाक्यांवर ताण येत नाही. तुमच्या भावाने दोन्ही हातांनी ती उशी धरली, डोळे मिटले आणि हसले. दुखत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं. नर्स ओरडली, "आप्पा, हळू!" तरी थांबेनात. हसतच राहिले, अक्का.

तुमची,
उज्वला